शेवटच्या टोकाचे पाणी : घरून कामाच्या एका प्रकरणाची नोंद

जून २०२४च्या दुसऱ्या आठवड्यात माझ्या सुनेला तिच्या कंपनीकडून वार्षिक मूल्यमापनाचा कागद आला. त्यात दोन शेरे होते. एक, ‘प्रतिसाद उशिरा मिळतो’, आणि दुसरा, ‘टीममधला सहभाग कमी आहे’. हा कागद तिने मला दाखवला नव्हता. जेवणाच्या टेबलावर तिचा लॅपटॉप उघडा राहिला होता आणि ताट ठेवायला जागा करताना माझी नजर त्यावर गेली, हे आधीच कबूल करून टाकतो, कारण त्या टेबलाचा या प्रकरणात मोठा हात आहे. शेरे वाचून मी चक्रावलो. जी बाई सकाळी नऊच्या आत कामाला बसते, दुपारचे ताट लॅपटॉपशेजारी ठेवून जेवण उरकते आणि रात्री साडेदहालासुद्धा कुणाला तरी उत्तर लिहीत असते, तिचा प्रतिसाद उशिरा मिळतो असे पुण्यात बसलेल्या माणसाला का वाटावे?

मी पाटबंधारे खात्यातून उपविभागीय अभियंता म्हणून निवृत्त झालो आणि नोकरीची शेवटची बरीच वर्षे पेंच प्रकल्पाच्या डाव्या कालव्यावर काढली. कालव्याच्या मुखाशी पूर्ण विसर्ग सोडलेला असतो, दप्तरात तशी नोंदही असते, आणि तरीही शेवटच्या टोकाचा शेतकरी कोरड्या चारीत उभा राहून खात्याच्या नावाने शंख करत असतो, हे मी कितीतरी रब्बी हंगामांत पाहिले आहे. अशा वेळी मुखावरच्या माणसाला विचारून काही निष्पन्न होत नाही, आणि टोकाच्या शेतकऱ्याला ‘तुम्ही जरा जास्त प्रयत्न करा’ असे सांगणे तर निव्वळ चेष्टा ठरते. कालव्याच्या कडेने चालत जावे लागते. पाणी कुठे झिरपते, कुठे गवत माजले आहे, कुणी रातोरात बांध फोडून घेतले आहे, हे तेव्हाच दिसते. वाटेत मुरणाऱ्या या पाण्याला आमच्याकडे वहनव्यय म्हणतात. सुनेच्या दिवसातला वहनव्यय मोजून पाहावा असे माझ्या मनात आले. कागद वाचल्याचे सांगून तिची परवानगी मागितली, तेव्हा ती आधी रागावली, मग हसली आणि म्हणाली, “मोजाच बाबा. मलाही कळू दे, दिवस जातो कुठे.”

पुढे दिले आहे ते त्या मोजणीचे आणि नंतरच्या वर्षभरात केलेल्या दुरुस्त्यांचे टिपण आहे. तिने ते वाचले आहे आणि दोन ठिकाणी मला दुरुस्त केले आहे.

पार्श्वभूमी

सून ज्या कंपनीत आहे ती कारखान्यांना, शाळांना आणि दुकानांना पगारपत्रकाचे सॉफ्टवेअर पुरवते. ग्राहकाचे कुठे अडले की ते सोडवून देण्याची जबाबदारी सहा जणांच्या टीमवर असते. त्यांतले पाच पुण्यात, आणि ही एकटी नागपुरात. २२ मार्च २०२०च्या जनता कर्फ्यूच्या दोन दिवस आधी मुलगा, सून आणि तेव्हा दोन वर्षांचा असलेला नातू पुण्याहून चार कपडे घेऊन आमच्याकडे आले, ते आठवडाभरात परत जायच्या बेताने. पुढच्या वर्षी मुलाला बुटीबोरीच्या एमआयडीसीत नोकरी मिळाली आणि त्रिमूर्तीनगरचे आमचे घर हेच त्यांचे घर झाले. कंपनीने नंतर सगळ्यांना पुण्यात परत बोलावले, तेव्हा सुनेला घरून काम करण्याची लेखी मुभा मिळाली. त्या पहिल्या आठवड्यात जेवणाच्या टेबलावर तात्पुरता म्हणून मांडलेला लॅपटॉप मात्र चार वर्षे तिथून हलला नाही.

पगारपत्रकाचे काम वर्षभर एका गतीने चालत नाही. मार्च महिना सोडला तर पगारातून कापलेला कर, म्हणजे टीडीएस, पुढच्या महिन्याच्या ७ तारखेपर्यंत भरायचा असतो, भविष्यनिर्वाह निधी आणि कर्मचारी विम्याची (ईएसआयसी) रक्कम १५ तारखेपर्यंत, आणि पगारावरच्या टीडीएसचे विवरणपत्र, म्हणजे तेव्हाचा फॉर्म २४क्यू, दर तिमाहीला. चौथ्या तिमाहीच्या विवरणपत्राला ‘अनेक्श्चर दोन’ नावाचे जोडपत्र असते. त्यात प्रत्येक कर्मचाऱ्याच्या वर्षभराच्या पगाराचा आणि वजावटींचा तपशील भरावा लागतो, आणि त्याची मुदत असते ३१ मे. म्हणजे या टीमचे वर्षातले सर्वांत जड दिवस नेमके नवतपात, म्हणजे मेअखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, येतात. पुण्यात त्या सुमारास संध्याकाळी वळवाच्या सरी पडून जातात. नागपुरात तेव्हा भरदुपारी रस्त्यावर कुत्रेही दिसत नाही.

तीस आणि एकतीस मे

मूल्यमापनातल्या शेऱ्यांचे मूळ बहुतांशी या दोन दिवसांत आहे, म्हणून ते जरा सविस्तर सांगतो.

३० मे २०२४ला, गुरुवारी, नागपुरातल्या एका स्वयंचलित हवामान केंद्राने ५६ अंश सेल्सिअस असा आकडा दाखवला आणि गावोगावच्या नातेवाइकांनी आम्ही जिवंत आहोत की नाही हे विचारायला फोन लावले. पुढे हवामान खात्याने त्या यंत्रात बिघाड असल्याचे सांगितले. खरा पारा त्याहून बराच खाली होता, तरी हॉलमध्ये कूलरशिवाय पाच मिनिटे बसवत नव्हते.

आमचा कूलर जुना, लोखंडी, खिडकीत बसवलेला आहे. तीन बाजूंना वाळ्याच्या ताट्या, सकाळ-संध्याकाळ बादलीने भरायची टाकी, आणि पंखा असा की पूर्ण वेगात असला म्हणजे शेजारच्या माणसाशीही ओरडूनच बोलावे लागते. सुनेचे टेबल त्याच्या थेट झोतात होते. कॉलवर तिने माइक सुरू केला की पुण्यातल्या पाच जणांना आधी कूलर ऐकू यायचा आणि मग ती. ‘प्लीज म्यूट कर’ असे एकदोनदा ऐकावे लागल्यावर तिने कूलर बंद करून बोलायला सुरुवात केली. पण कूलर बंद झाला की आतून माझ्या पत्नीचा आवाज यायचा, “काहून बंद केला गं? जीव चालला ना इकडे!” शेवटी तिने मधला मार्ग काढला. कूलर चालू, माइक बंद, आणि सांगायचे ते टाइप करून. तिचे वाक्य पडद्यावर उमटेपर्यंत बोलणे पुढच्या विषयावर गेलेले असायचे. एप्रिलपासून जूनपर्यंत, म्हणजे मूल्यमापन ज्या काळात लिहिले गेले त्याच काळात, ही बाई मीटिंगमध्ये जवळजवळ मुकी होती. ‘सहभाग कमी’ या शेऱ्याचा निम्मा भाग मी त्या कूलरच्या नावे टाकतो.

उरलेला निम्मा दुसऱ्या दिवशी घडला. २०२३-२४ या वर्षापासून नवी करप्रणाली हीच आपोआप लागू होणारी प्रणाली ठरली होती आणि तिच्यातही पगारदारांना ५०,००० रुपयांची प्रमाणित वजावट मिळू लागली होती. जोडपत्रातल्या या वजावटीच्या रकान्यात काही ग्राहकांकडे ती वजावट शून्य दाखवली जात होती. ३१ मेच्या दुपारी तीन ग्राहक एकदम सुनेच्या वाट्याला आले. तीन वाजून दहा मिनिटांनी लाइट गेली. इन्व्हर्टरवर पंखा आणि दिवे चालू राहिले, पण राउटर इन्व्हर्टरवर नव्हता. मोबाइलच्या नेटवर फाइल चढवण्यात अर्धा तास गेला. मग तिने तिन्ही ग्राहकांच्या सव्वादोनशे कर्मचाऱ्यांच्या नोंदी एकेक करून हाताने तपासायला घेतल्या. रात्री आठला पुण्यातल्या एका सहकाऱ्याला तिने विचारले, तेव्हा तो सहज म्हणाला, “अगं, त्याची दुरुस्ती तर चारलाच टाकली. चहाच्या वेळी बोललो ना आपण.”

हे सांगताना सून त्या ‘आपण’पाशी थांबली. तो ‘आम्ही बोललो’ असे म्हणाला असता, तर ती तिथे नव्हती एवढे तरी त्यात मान्य झाले असते. त्याच्या मनात काही वाकडे नव्हते. त्याला खरोखरच वाटत होते की सगळ्यांना कळले आहे. मुखावर उभ्या असलेल्या माणसाला कालवा भरलेलाच दिसतो. ग्राहकांचे विवरणपत्र त्या रात्री मुदतीत गेले, पण चार तास वाया गेले आणि कागदावर राहिले ते ‘प्रतिसाद उशिरा’.

पाच दिवसांची मोजणी

२४ ते २८ जून या पाच कामाच्या दिवसांत मी हॉलच्या कोपऱ्यात वही घेऊन बसलो. उन्हाळ्यामुळे विदर्भातल्या शाळा उर्वरित महाराष्ट्राच्या नंतर उघडतात, त्यामुळे नातू घरीच होता. तिच्या पुण्यातल्या सहकाऱ्यांची मुले एव्हाना शाळेत जाऊ लागली होती. हा फरक तिने कधी कुणाला सांगितला नव्हता आणि कुणाच्या लक्षात येण्याचे कारणही नव्हते.

काम चालू असताना तिला कुणीतरी हाक मारली किंवा उठवले, अशा नोंदी पाच दिवसांत ६१ झाल्या. नातवाच्या १४, माझ्या पत्नीच्या १७, दारावरची बेल, कचरागाडी, सिलिंडर, मोलकरीण असे मिळून ११. राहिलेल्या १९ माझ्या. मोजणारा मीच असूनही १९. ‘हा ओटीपी कसला आला बघ’, ‘वीजबिल भरून टाकशील का’, ‘चष्मा पाहिला का माझा’. पत्नीचे ‘एवढा सांबार (म्हणजे कोथिंबीर) निवडून दे’ किंवा ‘दुधावर लक्ष ठेव, मी पूजेला बसते’. एकही काम दोन मिनिटांच्या वरचे नव्हते आणि म्हणूनच कुणालाही त्यात वावगे वाटत नव्हते. पण दर वेळी परत आल्यावर तिला ग्राहकाची तक्रार पहिल्या ओळीपासून वाचावी लागत होती. पाच दिवसांत सलग, कुणीही न हटकता मिळालेला सर्वांत मोठा वेळ ३४ मिनिटांचा निघाला, आणि तो आम्ही दोघे बँकेत गेलो होतो तेव्हाचा.

तेच घरातली माणसे मुलाला, तो बुटीबोरीला असताना, फोन करून दूध बघायला सांगत नाहीत. यात सुनेबद्दल आकस नाही. आमच्या पिढीला काम दिसते ते माणूस घराबाहेर पडला म्हणून. गाडी काढली, डबा घेतला, म्हणजे कामावर गेला. जी समोर बसली आहे ती आपल्या मनाने घरात असते.

गंमत अशी की कंपनीच्या मनाने ती कामावर नसते. पुण्याला तिचे काम दिसायचे ते चॅटवरच्या नावापुढच्या हिरव्या ठिपक्यातून. काही मिनिटे माउस हलला नाही की ठिपका पिवळा होतो. ग्राहकाशी फोनवर बोलत असतानाही ती मधूनमधून माउस हलवायची, आणि दिवसा उठावे लागले त्याची भरपाई म्हणून रात्री उत्तरे लिहायची, ‘बघा, मी आहे’ एवढे कळावे म्हणून. या ठिपक्याबद्दल मला ३० मेच्या त्या ५६ अंशांची आठवण होते. आकडा डोळ्यांसमोर असतो, सगळे त्यावर बोलतात, आणि यंत्र दुसरेच काहीतरी मोजत असते.

घरून कामाच्या बाजूने नेहमी पुढे केला जाणारा एक अभ्यास आहे. चीनमधल्या सीट्रिप या प्रवास कंपनीच्या कॉल सेंटरमध्ये नऊ महिने प्रयोग झाला आणि निकोलस ब्लूम व त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याचे निष्कर्ष २०१५ साली प्रसिद्ध केले. घरून काम करणाऱ्यांची कामगिरी १३ टक्क्यांनी वाढली, नोकरी सोडून जाणाऱ्यांचे प्रमाण निम्म्यावर आले. हे दोन आकडे सगळे सांगतात. त्याच प्रयोगात भाग घ्यायचा तर घरी स्वतंत्र खोली असणे ही अट होती, हे फारसे कुणी सांगत नाही. प्रयोग संपल्यावर निवडीची मुभा मिळाली तेव्हा जवळपास निम्म्या लोकांनी कचेरीत परत जाणे पसंत केले, आणि त्याचे एक मोठे कारण एकटेपणा हे होते. शिवाय घरून काम करणाऱ्यांना, सारख्याच कामगिरीच्या तुलनेत, बढती कमी मिळाली होती. दुसरा अभ्यास मायक्रोसॉफ्टच्या ६१ हजारांहून अधिक कर्मचाऱ्यांचा, २०२०च्या पहिल्या सहामाहीतला. सगळे घरी बसल्यावर आपापल्या गटातले बोलणे टिकले, पण एका गटाला दुसऱ्याशी जोडणारे धागे विरळ झाले, असे त्यात दिसले. हे वाचून मला एवढेच उमगले की आमच्या सुनेकडे खोली नव्हती आणि धागाही नव्हता, आणि तिच्याकडून १३ टक्क्यांची अपेक्षा मात्र होती.

घरातली दुरुस्ती

मागच्या अंगाला उत्तरेकडची एक खोली आमच्याकडे आहे. तिच्यात गाद्या, धान्याच्या कोठ्या आणि माझ्या नोकरीतले जुने कागद होते. तीस वर्षे जपलेले ते कागद मी दोन रविवारांत निकालात काढले. त्याबद्दल अधिक लिहीत नाही. खोलीत टेबल, पाठीला आधार देणारी खुर्ची आणि हप्त्यांवर घेतलेला एक टनाचा एसी आला. “एवढ्याशा खोलीले एसी?” असे पत्नी म्हणाली खरी, पण कचेरीत सुनेला थंड हवा कंपनीच्या खर्चाने मिळाली असती आणि इथे ती घराच्या खर्चाने मिळते आहे, हा हिशेब मांडल्यावर ती गप्प झाली. हिशेब मात्र अजून मिटलेला नाही. कंपनी इंटरनेटचे पैसे देते, विजेचे देत नाही.

राउटर १२ व्होल्टवर चालतो आणि एखाद्या छोट्या एलईडी दिव्याइतकीच वीज खातो. त्याचा प्लग इन्व्हर्टरच्या लाइनवर घ्यायला वायरमनला वीस मिनिटे लागली. चार वर्षे हे घरात कुणालाही सुचले नाही, आणि त्या घरात एक अभियंता राहतो.

वेळेच्या बाबतीत आम्ही पाळी बांधली. सकाळी साडेनऊ ते साडेअकरा आणि दुपारी अडीच ते साडेचार दार बंद. या वेळात आग लागली तरच हाक मारायची. बाकी वेळात दार उघडे. बेल, सिलिंडर, कुरिअर माझ्याकडे. माझे ओटीपी आणि बिले शनिवारी सकाळी एकदम. नातवाला दाराखालून चिठ्ठी सरकवण्याची परवानगी होती, आणि त्याने तिचा पुरेपूर लाभ घेतला. पहिल्याच आठवड्यात आत एकवीस चित्रे जमा झाली, बहुतेक ट्रकची.

अडचण आली ती अनपेक्षित ठिकाणी. चौथ्या-पाचव्या दिवशी पत्नी मला म्हणाली, “घरात असून माणूस दिसत नाही, हे काय जगणं आहे?” ही तक्रार मी आधी हसण्यावारी नेली आणि ती माझी चूक होती. चार वर्षे सासू-सून दिवसभर एका हॉलमध्ये होत्या. ते तुटक बोलणे कामाला मारक होते, पण तिच्यासाठी तीच सोबत होती. यावर उपाय सुनेनेच काढला. दुपारी सव्वाएक ते दोन ती लॅपटॉप खोलीत ठेवून जेवायला बाहेर येते आणि फोनही आतच राहतो. महिनाभराने पत्नीच मला म्हणाली, “आधी समोर बसून राहायची, पण होती का इथं? आता येते तवा येते तरी.”

ऑगस्टच्या अखेरीला मी पुन्हा दोन दिवस वही घेऊन बसलो. बंद दाराच्या वेळात दोन दिवसांत तीन हाका, पैकी एक खरोखरच गॅसच्या वासाची.

पुण्याकडची दुरुस्ती

घर आपल्या हातात असते, पुणे नव्हते. सुनेला आधी शेऱ्यांविरुद्ध तक्रार करायची होती. मी तिला एवढेच सुचवले की तक्रारीऐवजी मोजमाप पाठव. आमच्या खात्यात ठेकेदाराने कितीही खोदले तरी एम.बी.त, म्हणजे मोजमाप पुस्तिकेत, चढले नाही तोवर ते काम झाले असे धरत नाहीत. तिने ३१ मेच्या चार तासांचा मिनिटवार तपशील, कूलर आणि राउटरची हकिकत आणि केलेल्या दुरुस्त्या अशा दीड पानांत मांडल्या, आणि दोन विनंत्या केल्या.

पहिली विनंती मी सुचवलेली, शेजपाळीवरून घेतलेली. शेजपाळीत पाणी टोकाकडून मुखाकडे देत येतात; आधी शेवटच्या शेतकऱ्याचे भिजवायचे, मग त्याच्या अलीकडच्याचे, कारण मुखाजवळच्याला काही झाले तरी पाणी मिळतेच. रोजची पावणेदहाची मीटिंग नागपूरपासून सुरू करावी, एवढीच ती विनंती. मॅनेजरने ती लगेच मान्य केली. त्याला त्यात गमावण्यासारखे काही नव्हते. परिणाम मात्र मोठा झाला. शेवटी बोलायची पाळी यायची तेव्हा ‘माझं काही विशेष नाही’ एवढेच म्हणायला वेळ उरायचा. पहिली बोलू लागल्यावर तिचा प्रश्न हा दिवसाचा पहिला प्रश्न ठरू लागला आणि बाकीच्यांना त्याला उत्तर द्यावे लागले.

दुसरी विनंती, चहावर ठरलेली प्रत्येक गोष्ट एका सामायिक पानावर एका ओळीत लिहिण्याची. “सगळं लिहीत बसलो तर काम कधी करायचं?” हे मॅनेजरचे उत्तर होते, आणि त्यात तथ्य नव्हते असे म्हणता येणार नाही. प्रयोग म्हणून पान उघडले गेले. जुलैभरात त्यावर सात ओळी आल्या, पैकी पाच सुनेच्या. ऑगस्टमध्ये पुण्यातला तोच ‘आपण’वाला सहकारी दुचाकीवरून पडला, पाय प्लास्टरमध्ये गेला आणि दीड महिना त्याला घरून काम करावे लागले. तिसऱ्या दिवशी त्याने पानावर लिहिले, “काल चारला काय ठरलं ते कुणी लिहील का?” तिथपासून ओळी येऊ लागल्या. पटवून जे झाले नाही ते एका प्लास्टरने झाले, आणि अशा योगायोगावर कुणी पद्धत उभी करू शकत नाही, हे मला ठाऊक आहे.

जे फसले तेही नोंदवतो. मॅनेजरने आपणहून दर शुक्रवारी चार वाजता व्हिडिओवर चहा सुरू केला. पुण्यातले पाच जण पावणेचारला खरा चहा पिऊन यायचे आणि मग पडद्यासमोर बसून कुणी काही बोलेल याची वाट पाहायचे. तिसऱ्या शुक्रवारी दोघेच आले. दिवसभर कॅमेरा चालू ठेवण्याचा प्रयोग आठवडाभरही टिकला नाही. स्टॅनफर्डच्या जेरेमी बेलेन्सन यांनी २०२१मध्ये व्हिडिओ मीटिंगच्या थकव्याची जी कारणे मांडली, त्यांत सतत स्वतःचाच चेहरा समोर असणे हे एक आहे; सुनेच्या शब्दांत, “आरशासमोर बसून टॅक्स शिकवल्यासारखं वाटतं.”

जवळीक आली ती न ठरवता. ३ सप्टेंबरला तान्हा पोळा होता. नागपुरात त्या दिवशी मारबतीच्या पुतळ्यांची मिरवणूक असते आणि संध्याकाळी पोरे लाकडी बैल सजवून घरोघरी नेतात. पुण्यात कामाचा साधा मंगळवार. साडेचारला, दार उघडायची वेळ होताच, नातू झूल घातलेला बैल ओढत थेट खोलीत शिरला. लाकडी चाके फरशीवर खडखडली आणि कॉलवरच्या चौघांनी विचारले, “हे काय चाललंय?” सुनेने कॅमेरा खाली वळवला. बैलाच्या शिंगांना बेगड, गळ्यात माझ्या जुन्या चाव्यांच्या जुडग्यातली एक घुंगरी, पाठीवर पत्नीच्या साडीच्या काठाची झूल. दहा मिनिटे कामाचे बोलणे झाले नाही. त्यांच्यातल्या एकीचे माहेर यवतमाळचे निघाले. चार वर्षे एकत्र काम करून हे सुनेला माहीत नव्हते. आता दोघी बुधवारी दुपारी पंधरावीस मिनिटे फोनवर बोलतात आणि तो फोन कुठल्याही कॅलेंडरवर नाही. ३१ मेसारखी गोष्ट आता या फोनवरच आधी कळते, असे सुनेचे म्हणणे आहे. सामायिक पानापेक्षा तिचा भरवसा या फोनवर जास्त आहे.

ऑक्टोबरमध्ये ती दोन दिवस पुण्याला जाऊन आली, रात्रीच्या गाडीने, स्वतःच्या खर्चाने. तिथे तिने मुद्दाम एकही मीटिंग लावली नाही; टीमच्या टेबलावर बसली आणि पावणेचारच्या चहाला गेली. जानेवारीपासून तिमाहीत एकदा जाण्यायेण्याचे तिकीट कंपनी देते.

वर्षानंतर

मार्च २०२५च्या मूल्यमापनात ते दोन्ही शेरे नव्हते. रात्रीची उत्तरे जवळजवळ थांबली आहेत. ठिपका पिवळा झाला तर होऊ देते. एप्रिलमध्ये टीमप्रमुखाची जागा निघाली ती मात्र पुण्यातल्या एका सहकाऱ्याला मिळाली. तो लायक आहे, हे सूनही म्हणते. अंतर नसते तर निकाल वेगळा लागला असता का, हे मला मोजता आलेले नाही आणि वहीत त्या रकान्यात मी काही लिहिलेले नाही.

३० मे २०२५ला शुक्रवार होता. २०२४-२५ या वर्षासाठी नव्या प्रणालीतली प्रमाणित वजावट ५०,०००वरून ७५,००० रुपये झाली होती, म्हणजे जोडपत्राचा तोच रकाना पुन्हा बदलला होता. पावणेचारच्या चहानंतर काही मिनिटांतच सामायिक पानावर ओळ आली, कोणत्या ग्राहकांना नवी फाइल द्यायची त्या यादीसकट. सुनेने ती वाचली, चार फोन केले आणि सव्वासातला लॅपटॉप मिटून बाहेर आली. कूलरसमोर मटकीला मोड आलेत का ते पाहत बसलेल्या माझ्या पत्नीने मान वर केली आणि काळजीने विचारले, “काय झालं गं? बरं नाही वाटत का? आज लवकर सुटली?”